माडगूळकर प्राणिशास्त्र शिकले होते का? त्यांची ‘सत्तांतर’ ही वानरांवरची कादंबरी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या शाळकरी मुलांना देऊ का?

नाही, लेखक व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) प्राणिशास्त्र शिकले नव्हते, शाळाही अर्धवटच सुटली. तरी ‘सत्तांतर’ जरूर द्या. नोकरी पुणे आकाशवाणीत, ओढ रानाची. जंगलात मुक्काम करून प्राणी पाहायचे, त्यांची चित्रं काढायची. ‘नागझिरा’ हे पुस्तक त्यातूनच आलं. ‘सत्तांतर’मधला वानरांचा संघर्ष नुसता कल्पनेचा नाही. टोळी बळकावणारा नर पिल्लं मारतो, हे १९६०च्या दशकात शास्त्रज्ञांनी धारवाडच्या रानात, म्हणजे गोव्याच्या शेजारीच, नोंदवलं होतं. फोंड्याला नववीच्या मुलांसोबत मी ही कादंबरी वाचली आहे; नंतर आवारात आलेल्या वानरांकडे मुलं दगड न मारता बघत राहिली. मात्र त्यात रक्तपात आहे, म्हणून आठवीच्या खाली नको.