कायदा आणि घर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा पुतण्या बेळगावात त्याच्या मित्रासोबत राहतो. दोघं स्वतःला जोडपं मानतात. लग्न बाई-पुरुषाचंच, असं मी मानतो. पण सरकारनं कुणाच्या घरात डोकावू नये, असंही मला वाटतं. हे विसंगत आहे का? उद्या एकाचं बरंवाईट झालं तर दुसऱ्याला काय मिळेल?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : विसंगत अजिबात नाही. समलैंगिकता गुन्हा ठरू नये, असं संघाचे दत्तात्रेय होसबाळे २०१६ मध्ये म्हणाले होते. विवाह मात्र स्त्री-पुरुषाचाच, तो करार नसून संस्कार आहे, असं त्यांनीच २०२३ मध्ये मांडलं. संस्कार सरकारनं घडवलेला नाही, म्हणून कोर्टानं त्याची व्याख्या बदलू नये, हा त्यामागचा विचार. मग तोच विचार पोलिसांनाही उंबऱ्याबाहेर ठेवतो. दुसरा भाग सोयीस्कर विसरणारे बरेच भेटतात, आपण विसरला नाहीत.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाचही न्यायमूर्तींनी सांगितलं, की विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि १९५४ चा विशेष विवाह कायदा बदलणं संसदेचं काम आहे. त्यामुळे या दोघांच्या लग्नाची नोंद आज होत नाही. पुतण्यानं मृत्युपत्र केलं नाही, तर त्याची मिळकत हिंदू वारसा कायद्यानं आईकडे आणि तीही नसेल तर इतर नातलगांकडे जाईल. जोडीदाराला काहीच नाही.

म्हणून मृत्युपत्र आधी करा. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही. दोन साक्षीदारांनी पुतण्याची सही होताना पाहावी आणि त्याच्यासमोरच आपल्या सह्या कराव्यात. जोडीदाराला साक्षीदार करू नका, पुढे भांडणाला तेवढंच निमित्त पुरतं. नोंदणी सक्तीची नाही, तरी सब-रजिस्ट्रारकडे करून घ्या. मजकूर मराठीत चालतो. अधिकाऱ्याला भाषा कळत नसेल आणि ती जिल्ह्यात प्रचलितही नसेल, तरच भाषांतर जोडावं लागतं. बेळगावात मराठी प्रचलित नाही, असं कोण म्हणेल? एकत्र कुटुंबातला स्वतःचा हिस्साही मृत्युपत्रानं देता येतो. कुळहक्काची जमीन मात्र कर्नाटकात अशी परक्याला देता येत नाही, तेव्हा उतारा आधी तपासा.

सगळ्यात मोठी फसगत नॉमिनीच्या नावावर होते. नॉमिनी पैसे घेऊन वारसांसाठी सांभाळतो, मालक होत नाही. मुखत्यारपत्रही देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतं. बँकेत संयुक्त खातं काढायला अडचण नाही. अर्थ मंत्रालयानं ऑगस्ट २०२४ मध्येच तसा खुलासा केला आहे. अखेरच्या आजारातल्या उपचारांबद्दलचं इच्छापत्र दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून साक्षांकित करा आणि आपल्या वतीनं निर्णय कोण घेणार, त्याचं नाव त्यात लिहा.

प्रश्न : अशा जोडप्याच्या लग्नाची कोल्हापुरात जाऊन नोंदणी होईल का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. विशेष विवाह कायदा केंद्राचा आहे, सीमेच्या दोन्ही बाजूंना तोच लागू. विवाह समवर्ती सूचीत असल्यानं राज्यालाही कायदा करता येतो, पण तो केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते.