रुबी प्रोग्रॅममधून दूरच्या पोस्टग्रेसशी जोडताना कनेक्शन पूल किती मोठा ठेवावा?

तुम्ही लिहिले आहे की तुमचे रेल्सचे (रुबीतील वेब फ्रेमवर्कचे) ॲप्लिकेशन मुंबई रीजनमधील सर्व्हरवर चालते, पोस्टग्रेस हा डेटाबेस अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आहे, आणि गर्दीच्या वेळी ‘5 सेकंदांत पूलमधून (पुन्हा पुन्हा वापरायच्या डेटाबेस कनेक्शनांच्या साठ्यातून) कनेक्शन मिळाले नाही’ असा एरर येतो. टीममधील एका ज्येष्ठांनी पूल 5 वरून 50 करण्यास सांगितले आहे. तो करावा, की ॲक्टिव्ह रेकॉर्ड (रेल्सचा डेटाबेसशी बोलणारा भाग) सोडून थेट पीजी जेम (पोस्टग्रेससाठीची रुबी लायब्ररी) वापरावे, असा तुमचा प्रश्न आहे.

पूल 50 करू नका. निदान कनेक्शन कोण अडवून बसले आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तरी करू नका. नेमका हाच सल्ला, याच आकड्यासह, एका प्रकल्पात माझ्या हरकतीला न जुमानता अमलात आला होता आणि त्याचे परिणाम निस्तरण्याचे काम माझ्याकडे आले होते. त्यामुळे हे उत्तर तुमच्या प्रश्नाच्या मानाने लांबणार आहे.

पुण्यातील एका कंपनीत मी मालवाहतुकीच्या प्रणालीवर काम करत होतो. मांडणी बरीचशी तुमच्यासारखीच होती: रेल्स मुंबईत, पोस्टग्रेस उत्तर व्हर्जिनियात, कारण डेटाबेस ग्राहकाचा होता आणि त्यावर त्याची इतरही कामे चालत असल्याने तो हलवण्यास त्याची तयारी नव्हती. एका स्क्रीनवर दिवसभरातील पार्सलांची स्थिती दिसत असे आणि ती ताजी करण्यासाठी प्रत्येक पार्सलमागे एक थ्रेड (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारे काम) सुरू केला जाई. त्या थ्रेडमधील काम मोजक्या ओळींचे होते. ‘विथ लॉक’ने पार्सलची नोंद कुलूपबंद करायची, कुरिअर कंपनीच्या सेवेला एचटीटीपीवरून स्थिती विचारायची, आलेले उत्तर नोंदीत लिहायचे आणि कुलूप सोडायचे. वाचताना त्यात काहीच गैर वाटत नाही, आणि तो कोड रिव्ह्यूमधून सुटला तो त्यामुळेच. कुरिअरची सेवा सकाळी अर्ध्या सेकंदात उत्तर देई आणि संध्याकाळी पाच वाजता, जेव्हा सगळा देश तिला विचारत असतो, तेव्हा कधी चार तर कधी सात सेकंद घेई.

एरर येऊ लागल्यावर आमच्या आर्किटेक्ट महाशयांनी कॉलवरच निदान केले की पूल लहान पडतो आहे. रेल्सचा मूळ पूल 5 चा असतो आणि कनेक्शनसाठी थांबण्याची मुदतही 5 सेकंदांची असते, त्यामुळे वरवर पाहता हे निदान पटण्यासारखे होते. पूल 50 झाला. आता हिशेब पाहा: चार मशिन, प्रत्येकावर प्यूमा या वेब सर्व्हरचे तीन वर्कर (स्वतंत्र प्रोसेस), आणि पूल हा प्रत्येक प्रोसेसचा स्वतंत्र असतो, म्हणजे कमाल 600 कनेक्शन. पोस्टग्रेसचे ‘मॅक्स कनेक्शन्स’ मुळात 100 असते, त्यातील 3 जागा सुपरयूझरसाठी (डेटाबेसच्या प्रशासकासाठी) राखीव असतात, आणि ग्राहकाने त्यात बदल केलेला नव्हता. पूल वाढवल्याने लगेच तेवढी कनेक्शने उघडत नाहीत, ती थ्रेडने मागितल्यावरच उघडतात, हे मान्य. पण आमच्याकडे मागणारे थ्रेड पार्सलांइतके होते, त्यामुळे दिलेली प्रत्येक जागा भरली. त्याच संध्याकाळी ‘उरलेल्या जागा सुपरयूझरसाठी राखीव आहेत’ असा संदेश येऊ लागला, आणि तो आमच्यापुरता राहिला नाही. त्याच डेटाबेसवर चालणारे ग्राहकाचे बिलिंगही बंद पडले. तोपर्यंत हा आमच्या एका स्क्रीनचा त्रास होता, तो आता ग्राहकाच्या धंद्याचा झाला.

मी पहिल्या दिवसापासून एकच मागत होतो: ‘पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी’ या व्ह्यूवर (प्रत्येक कनेक्शन काय करत आहे ते दाखवणाऱ्या पोस्टग्रेसच्या तक्त्यावर) ऐन गर्दीत एक क्वेरी चालवू द्या. ग्राहकाच्या प्रॉडक्शन डेटाबेसला हात लावायचा नाही, या कारणाने ती परवानगी मिळत नव्हती. बिलिंग बंद पडल्यावर मात्र ती तत्काळ मिळाली. समोर जे आले ते असे होते. आमच्या कनेक्शनांपैकी जवळपास सगळ्यांच्या ‘स्टेट’ या रकान्यात ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ लिहिलेले होते, ‘वेट इव्हेंट’मध्ये ‘क्लायंट रीड’, आणि शेवटची क्वेरी म्हणून सगळीकडे तेच ‘सिलेक्ट’ आणि त्याच्या शेपटीला ‘फॉर अपडेट’. म्हणजे डेटाबेस काहीही काम करत नव्हता. ट्रान्झॅक्शन (एकत्रच पुरे होणाऱ्या बदलांचा गट) उघडून, नोंदीला कुलूप घालून आमचा प्रोग्रॅम पुढे काय सांगतो याची तो वाट पाहत होता, आणि आमचा प्रोग्रॅम कुरिअरच्या उत्तराची. जेवण उरकलेले गिऱ्हाईक गप्पा मारत टेबल अडवून बसले असताना हॉटेलमालकाने रस्त्यापर्यंत नवी टेबले मांडत जावे, तसा आमचा पूल वाढवण्याचा उद्योग होता.

पूलचे गणित खरे तर दोनच आकड्यांवर चालते: सेकंदाला किती कामे येतात आणि एक काम कनेक्शन किती वेळ धरून ठेवते. सेकंदाला 20 कामे आली आणि प्रत्येकाने 50 मिलिसेकंद कनेक्शन धरले, तर सरासरी एक कनेक्शन पुरते. त्याच कामाने 4 सेकंद धरले तर 80 लागतात. काम तेवढेच आहे, क्वेरी त्याच आहेत, डेटाबेसवरचा खरा भारही तोच आहे. फरक फक्त धरून ठेवण्याच्या वेळेचा आहे, आणि त्याकडे न पाहता पहिल्याच बैठकीत पूलचा आकडा बदलणाऱ्या माणसाने समस्या समजून घेतलेली नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

यात अंतराची भर पडते. मुंबई ते व्हर्जिनिया एक फेरी (संदेश जाऊन उत्तर येणे) सुमारे 200 मिलिसेकंदांची असते. ‘विथ लॉक’मधील बिगिन, सिलेक्ट, अपडेट आणि कमिट या चार फेऱ्यांनाच 800 मिलिसेकंद जातात, कुरिअरला विचारण्याचा वेळ न धरताच. नवे कनेक्शन उघडणे तर आणखी महाग आहे: टीसीपीची एक फेरी, एसएसएल (एन्क्रिप्शन) आहे का हे विचारण्याची एक, टीएलएस 1.3 असेल तर हस्तांदोलनाची एक, आणि स्क्रॅम पद्धतीने पासवर्ड पटवण्याच्या तीन. सहा फेऱ्या, म्हणजे सव्वा सेकंदाच्या आसपास, आणि त्यानंतर रेल्स स्वतःच्या सेटिंग व डेटा टाइप विचारण्यासाठी ज्या क्वेरी पाठवते त्या वेगळ्या. ‘प्रत्येक वेळी नवे कनेक्शन उघडा आणि बंद करा, म्हणजे पूलची कटकटच नको’ असे कोणी सुचवले तर त्याला हा हिशेब दाखवा.

पूलने काम भागले नाही तेव्हा आर्किटेक्ट महाशयांनी पीजीबाउन्सर (पोस्टग्रेससमोर बसून कनेक्शने वाटून देणारा प्रोग्रॅम) आणले, तेही ट्रान्झॅक्शन पद्धतीने. साधन उत्तम आहे, मी स्वतः ते वापरतो. पण ट्रान्झॅक्शन पद्धतीत पीजीबाउन्सर कनेक्शन परत घेते ते ट्रान्झॅक्शन संपल्यावर, आणि आमचे दुखणे न संपणाऱ्या ट्रान्झॅक्शनचेच होते. त्यामुळे गर्दी पोस्टग्रेसच्या दारातून पीजीबाउन्सरच्या दारात सरकली, एवढेच झाले. वर रेल्सच्या प्रिपेअर्ड स्टेटमेंटांनी (एकदा तयार करून नावाने पुन्हा वापरायच्या क्वेरींनी) ‘हे नाव आधीपासून आहे’ असे एरर देण्यास सुरुवात केली, कारण त्या काळच्या पीजीबाउन्सरला ट्रान्झॅक्शन पद्धतीत ती सांभाळता येत नव्हती. ती सोय 2023 मध्ये 1.21 या आवृत्तीत आली. जुनी आवृत्ती असेल तर डेटाबेस कॉन्फिगमध्ये प्रिपेअर्ड स्टेटमेंट बंद करावी लागतात, आणि मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतील बदल) चालवताना रेल्स घेते त्या ॲडव्हायजरी लॉकचाही बंदोबस्त करावा लागतो.

शेवटी जे केले ते मी आधीपासून लिहून ठेवलेलेच होते. कुरिअरला विचारण्याचे काम ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढले. थ्रेडला नोंदीऐवजी फक्त पार्सलचा क्रमांक दिला, उत्तर हातात आल्यावरच ‘विथ कनेक्शन’च्या ब्लॉकमध्ये शिरून छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये ते लिहिले, आणि दोनदा लिहिले जाऊ नये यासाठी कुलपाऐवजी नोंदीवरील आवृत्तीचा रकाना तपासला. थ्रेडही पार्सलांइतके न ठेवता ठरावीक संख्येत बांधले. पूल पुन्हा 5 वर आणला, पीजीबाउन्सर काढले, आणि संध्याकाळचे एरर थांबले. ग्राहकाकडे गेलेल्या अहवालात या सगळ्याची नोंद ‘कनेक्शन पूलचे ट्यूनिंग’ अशी झाली, हे मला आजही रुचलेले नाही. तुमच्या प्रश्नात 50 हा आकडा वाचून मी टाइप करायला बसलो त्याचे कारण हेच.

तुमच्याकडे ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट’ (ट्रान्झॅक्शन उघडून गप्प बसलेले कनेक्शन तोडण्याची मुदत) लावलेला नसणार, कारण पोस्टग्रेसमध्ये 9.6 पासून ही सोय असूनही ती मुळात बंद असते. ती दहा सेकंदांवर लावा; कॉन्फिगमधील ‘व्हेरिएबल्स’ या भागात ती आणि ‘स्टेटमेंट टाइमआउट’ दोन्ही देता येतात. त्यामुळे दोषी कोड एररसह उघडा पडतो, आणि मला तेच हवे असते. त्याऐवजी रुबीचे ‘टाइमआउट’ मोड्यूल डेटाबेसच्या कामाभोवती गुंडाळू नका, कारण ते वाटेल त्या ओळीवर थ्रेडला मध्येच तोडते आणि अर्धवट बोललेले कनेक्शन पूलमध्ये परत जाऊ शकते.

दूरच्या डेटाबेसला आणखी एक खोड पाचवीला पुजलेली असते: वापरात नसलेले कनेक्शन वाटेतील कोणीतरी तोडते. एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेचे नॅट गेटवे (आतील सर्व्हरांना इंटरनेटशी जोडणारा दुवा) 350 सेकंदांच्या शांततेनंतर कनेक्शन विसरते. रेल्स निष्क्रिय कनेक्शन 300 सेकंदांनी बंद करते म्हणून आपण सुरक्षित आहोत असे वाटते, पण रेल्सच्या अनेक आवृत्त्यांत ती तपासणी दर 60 सेकंदांनी होते, त्यामुळे एखादे कनेक्शन 360 सेकंदांपर्यंत पडून राहू शकते आणि नेमके त्या दहा सेकंदांच्या फटीत सापडते. नॅट गेटवे निदान रीसेट पाठवून मोकळे होते. काही फायरवॉल पॅकेट गुपचूप टाकून देतात, आणि मग लिनक्स पंधरा मिनिटांच्या आसपास पुन्हा पुन्हा पाठवत बसते, तोवर तुमचा थ्रेड ताटकळत राहतो. लिनक्सचा स्वतःचा कीपअलाइव्ह (कनेक्शन जिवंत आहे का ते पाहणारा संदेश) तर दोन तासांनी जागा होतो, म्हणजे वरातीमागून घोडे. म्हणून ‘कीपअलाइव्हज आयडल’ 60 सेकंद, ‘कनेक्ट टाइमआउट’ 5 सेकंद आणि ‘टीसीपी यूझर टाइमआउट’ 20 ते 30 सेकंद ठेवा. हा शेवटचा आकडा मात्र मिलिसेकंदांत द्यायचा असतो आणि त्यासाठी लिबपीक्यू (पोस्टग्रेसची क्लायंट लायब्ररी) 12 किंवा पुढचे लागते.

पीजी जेमविषयी थोडक्यात सांगतो. ते थेट वापरल्याने तुमचा एरर जाणार नाही, फक्त पूल सांभाळण्याचे काम तुमच्या अंगावर येईल. एक कनेक्शन एका वेळी एकाच थ्रेडने वापरायचे, फोर्क करून नवी प्रोसेस काढल्यावर तिने स्वतःचे नवे उघडायचे, तुटलेले ओळखून टाकून द्यायचे, हे सगळे हाताने करावे लागते. रेल्सविना छोटा प्रोग्रॅम असेल तर सीक्वेल ही लायब्ररी वापरा आणि त्यातील ‘कनेक्शन व्हॅलिडेटर’ (कनेक्शन जिवंत आहे का ते तपासणारा भाग) चालू करा. पण त्याची तपासणीही एक जास्तीची फेरी घेते, त्यामुळे 200 मिलिसेकंदांच्या अंतरावर ती प्रत्येक वेळी करू नका.

मात्र पूल वाढवणे कधीच योग्य नसते असे मी म्हणत नाही. एका प्रोसेसमधील थ्रेडपेक्षा पूल लहान असेल तर तो थ्रेडइतका केलाच पाहिजे. साइडकिकची (पार्श्वभूमीतील कामे चालवणाऱ्या साधनाची) काँकरन्सी, म्हणजे थ्रेडची संख्या, 10 आणि पूल 5 असेल तर तुमचा एरर तिथेच आहे आणि वरचे सगळे पुराण तुम्हाला लागू नाही. तसेच रेल्स 7.2 पासून ॲक्टिव्ह रेकॉर्ड सर्वसाधारण क्वेरीनंतर कनेक्शन लगेच परत करते, रिक्वेस्ट संपेपर्यंत धरून बसत नाही, त्यामुळे आवृत्ती सांगितल्याशिवाय नेमके निदान करता येणार नाही. ट्रान्झॅक्शनच्या आत मात्र तिथेही ते धरलेलेच राहते. पाच-सहा वर्षांपूर्वी ‘प्रोग्रॅम डेटाबेसजवळ न्या, फक्त स्क्रीन मुंबईतून दाखवा’ असे मी सुचवले होते आणि खर्चाचे कारण देऊन ते नाकारले गेले. तुमच्याकडे तो पर्याय अजून खुला असेल तर पूलच्या आकड्याआधी त्याचा खर्च काढा. आणि डेटाबेसचा 5432 हा पोर्ट इंटरनेटवर उघडा असेल, किंवा ‘एसएसएल मोड’ मूळच्या ‘प्रीफर’वरच असेल, तर हा मोड आधी ‘व्हेरिफाय फुल’ करा, कारण ‘प्रीफर’ समोरच्याचे प्रमाणपत्र तपासत नाही.

आज संध्याकाळी गर्दीच्या वेळी ‘पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी’मधील स्टेट, वेट इव्हेंट आणि शेवटची क्वेरी हे तीन रकाने काढून, रेल्सच्या आवृत्तीसह, प्रश्नात जोडा.