सिंहगडाआधी कोणता घाट चढावा : कात्रज, दिवे की बोपदेव?

तुमचा प्रश्न असा : सपाट रस्त्यावर ४० किमी सहज होतात, आता सिंहगड सायकलने चढायचाय, तर आधी कोणत्या घाटावर सराव करावा आणि ११-२८ ची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, सर्वात लहान ११ दातांची, सर्वात मोठी २८) पुरेल का. माझं उत्तर : आधी जुना कात्रज, मग बोपदेव, आणि सिंहगडाला हात घालण्यापूर्वी कॅसेट बदला.

घाटांची तुलना करताना नुसता सरासरी चढ बघू नका. सिंहगडाच्या पायथ्याच्या डोणजे-गोळेवाडीपासून गडावरच्या वाहनतळापर्यंत साधारण ९ किमी आणि ६०० मीटर उंची, म्हणजे सरासरी पावणेसात टक्के. बोपदेवचा आकडाही जवळपास तेवढाच भरतो. पण बोपदेव तीन-साडेतीन किलोमीटरमध्ये संपतो आणि सिंहगडावर तेवढं अंतर झालं की निम्म्याहून जास्त चढ अजून शिल्लक असतो. शिवाय मध्ये सौम्य पट्टे असल्यामुळे सरासरी खाली येते, प्रत्यक्षात काही वळणांवर चढ १० टक्क्यांच्या वर जातो. म्हणून घाट पारखताना दोन गोष्टी बघा : सर्वात कडक किलोमीटर कोणता, आणि दम खायला सपाट जागा कुठे मिळते.

जुना कात्रज घाट बोगद्यापर्यंत जवळजवळ एकसारखा चढतो. एका गिअरवर लय धरून बसायला शिकायचं तर पुण्याजवळ याहून चांगली जागा नाही. दिवे घाटाचा चढही साधारण तसाच, पण सासवडकडे जाणारे ट्रक आणि बस अगदी अंगावरून जातात, म्हणून सरावाला मी तो सुचवणार नाही. बोपदेव आखूड आणि तिखट आहे. तिथे २०० मीटर चढायला २० मिनिटं लागली तर तुमचा वेग तासाला ६०० मीटर उंचीचा झाला. सिंहगडावर हा वेग शेवटपर्यंत टिकत नाही, तेव्हा तासाऐवजी सव्वा तास धरून चाला. बोपदेव लागोपाठ तीनदा चढता आला, की उंचीचा हिशेब सिंहगडाएवढा होतो. फरक इतकाच, की इथे प्रत्येक उतारावर पाय मोकळे होतात, तिथे होत नाहीत.

आता कॅसेट. तुम्ही, सायकल आणि पाणी मिळून ८० किलो धरू. पुढे पेडलपाशी ३४ दात, मागे २८, पेडलचे मिनिटाला ६० फेरे, म्हणजे वेग ताशी ९ किमीच्या थोडा वर. १० टक्के चढावर एवढ्या वेगात नुसतं वजन वर न्यायला सुमारे २०० वॅट लागतात. मागे ३४ दात असतील तर त्याच ६० फेऱ्यांना वेग साडेसातच्या आसपास येतो आणि काम १६५ वॅटमध्ये भागतं. २०० वॅट सतत देता येत नसतील तर २८ वर फेरे ४०-४५ पर्यंत घसरतात आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. चढानंतर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर आधी हे फेरे मोजा, मग सीट खाली आहे का ते बघा.

कॅसेट बदलताना दुकानात दोन गोष्टी विचाराच. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, ३४ दात पेलतो का? आखूड पिंजऱ्याचे (चेन ताणून धरणारा खालचा दांडा आखूड असलेले) बरेच डिरेलर पेलत नाहीत. आणि चेन पुरेल का? चेन आखूड राहिली आणि चुकून पुढच्या मोठ्या चकतीवर (चेनरिंगवर) असताना मागे सर्वात मोठी चकती लागली, तर चेन ताणून डिरेलर किंवा तो सायकलला जोडणारा हँगर मोडतो.

चढताना गिअर वळणाच्या आधी हलका करा. जोर लावलेला असताना बदलला तर चेन अडकते किंवा उतरते, आणि तिथून पुन्हा सायकलवर बसून निघणं फार अवघड. वळणाची आतली बाजू नेहमी जास्त खडी असते. समोरून गाडी येत नसेल तर आपल्याच लेनमध्ये थोडं बाहेरून घ्या. उभं राहून पेडल मारताना वजन फार पुढे नेऊ नका, ओल्या रस्त्यावर मागचं चाक फिरतं.

कोंढणपूरकडून येणारा रस्ता सिंहगडाच्या घाटाला मध्येच मिळतो, त्यामुळे खालचा बराच चढ वाचतो. जुना कात्रज, खेड शिवापूर, कोंढणपूर करत गडावर जाणं ही सुंदर फेरी आहे, पण तिची वेळ डोणजेकडच्या वेळेशी ताडून बघू नका.

शनिवार-रविवारी उजाडताच चढायला लागा, नंतर गाड्यांची रांग लागते. जोराच्या पावसात घाटात दरडी येतात, तेव्हा रस्ता चालू आहे का ते आधी विचारून घ्या. उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नका. रिम ब्रेक असतील तर रिम तापते. वळणाआधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग कमी करा, वळणात सोडा. निघण्यापूर्वी ब्रेक शूवरच्या खाचा उरल्यात का ते बघा. खाचा दिसत नसतील तर शू बदलूनच निघा.