प्लॉट घेताय? चोराआधी नाला विचारा

ठाणेदारकी सुटून काही वर्षं झाली, पण पत्रं थांबत नाहीत. या महिन्यातही निम्म्या पत्रांत एकच शंका: 'अमुक भाग सेफ आहे का?' प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच इथे सांगून टाकतो.

मोबाइलवरच्या एका ॲपने आमच्या तालुक्यातल्या दोन गावांना 'सेफ्टी स्कोर' दिला आहे. तो पाहून गाव ठरवू का? (दारव्हा)

नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे छापील आकडे जिल्ह्यापर्यंत येऊन थांबतात. गावाचा स्कोर त्याने कुठून आणला, ते त्यालाच विचारा.

एका ठाण्याच्या हद्दीत गुन्हे जास्त नोंदलेले आहेत, शेजारच्या ठाण्यात कमी. कमीवालं गाव बरं ना? (आर्वी)

असंच काही नाही. जिथे तक्रार लिहून घेतात, तिथे आकडा फुगतो. जिथे 'बघू, उद्या या' म्हणून माणसाला परत पाठवतात, तिथे कागदावर रामराज्य असतं. आकड्यापेक्षा गुन्ह्याचा प्रकार पाहा. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भावाभावांची झालेली मारामारी तुमच्या घराचं काही बिघडवत नाही. बंद घराची कुलपं लागोपाठ तुटत असतील, तर मात्र विचार करा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकतात, ते घरबसल्या वाचता येतात. जास्त खोलात जायचं असेल तर 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे, म्हणून अर्ज इसाराच्या आधी टाका. आणि बीट जमादाराला व गावच्या पोलीस पाटलाला एकदा भेटाच. कागदावर नसतं ते त्यांना तोंडपाठ असतं.

पसंत पडलेल्या प्लॉटच्या मागे पारधी बेडा (पारध्यांची वस्ती) आहे. लोक म्हणतात, घेऊ नका, रात्री झोप लागणार नाही. (यवतमाळ जिल्हा)

कोण लोक? त्यांच्या घरी किती चोऱ्या झाल्या, त्यातल्या कितींचा तपास त्या बेड्यापर्यंत गेला, हे विचारलंत का? इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा जाऊन 31 ऑगस्ट 1952 ला या जमाती मुक्त झाल्या. पानठेल्यावर अजून तो निकाल पोचलेला दिसत नाही. यात धंदाही असतो बरं का. 'मागे बेडा आहे, कोण घेणार?' असं म्हणून दलाल विकणाऱ्याचा भाव पाडतो आणि तुम्हाला तोच प्लॉट 'शांत लोकॅलिटी' म्हणून दाखवतो. ठाण्यात विचारा आणि बेड्यावरही जाऊन या. पुढे शेजारी तेच होणार आहेत.

नाल्याच्या काठाला नवा लेआउट पडला आहे. भरण टाकून जागा सपाट केली आहे, हप्त्याने मिळते. दलाल म्हणतो, इथे कधीच पाणी येत नाही. रात्री चोरांची भीती आहे का, एवढंच सांगा. (नरखेड तालुका)

चोरांचं नंतर पाहू. तुम्ही नरखेड तालुक्यातून हे विचारता? मोवाड तुमच्याच तालुक्यात आहे ना? 30 जुलै 1991 ला वर्धा नदी गावात शिरली, दोनशेवर माणसं गेली. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, तारीख सांगावी लागणार नाही.

नोकरीत दरोड्याचे पंचनामे मी बोटांवर मोजावे इतके केले. पुराच्या पाण्यात वाहून गेलेल्यांचे, पडलेल्या घरांचे किती केले, मोजले नाहीत. तरी घर घेणारा प्रत्येक जण चोराचंच विचारतो.

हे लेआउट विकतात कधी? अक्षय तृतीयेच्या सुमारास. मंडप असतो, थंड सरबत असतं, नाला कोरडा ठणठणीत. तुम्ही त्या नाल्यात उतरा. काठच्या बाभळीकडे पाहा. काट्यांत अडकलेली पऱ्हाटी, पन्नी, चिंधी किती उंचीवर आहे? माझ्या पाहण्यातल्या एका लेआउटजवळ ती माझ्या खांद्याला लागत होती, आणि ऑफिसात बसलेला पोरगा 'पाणी येतच नाही' सांगत होता. मग रस्त्याखालच्या सिमेंटच्या नळ्या पाहा. दोनच असतील आणि त्याही निम्म्या गाळाने भरलेल्या, तर पहिल्या मोठ्या पावसात कचरा अडकून पाणी मागे फिरणार. ते तुमच्याच अंगणात येणार. काळ्या मातीवर मुरूम पसरून केलेलं भरण दोन बरसातींत बसतं, भिंतींना भेगा जातात, ते वेगळंच.

आता कागद. भूमी अभिलेखमधून गावनकाशा काढा. सपाट दिसणाऱ्या जागेवर नकाशात नाला किंवा बोडी (लहान तळं) सापडणं नवीन नाही. सातबाऱ्यावर 'पोटखराब ब' किती आहे, पाहा. रस्ता, नाला, तलाव अशा सार्वजनिक कामाची जागा त्यात धरतात. नदीजवळ असाल तर जलसंपदा विभागात पूररेषा विचारा: निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत घर बांधायचंच नाही. छोट्या नाल्याची रेषा बहुधा आखलेलीच नसते. 'रेषा नाही म्हणजे धोका नाही' हे वाक्य मी दलालांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता राग येणंही बंद झालं. तलाठ्याला भेटा, एखादा स्थापत्य अभियंता जागेवर न्या. त्याची फी एका हप्त्याहून कमी पडेल.

जुन्या भूमिगत कोळसा खाणीजवळ बांधलेलं घर स्वस्तात मिळतंय. (वणी)

स्वस्त का, ते घुग्घूसला विचारा. 26 ऑगस्ट 2022 ला तिथे एक अख्खं घर जमिनीत गेलं. खाली जुनी खाण होती. कोळसा कंपनीच्या क्षेत्रीय कार्यालयातून खाणीचा नकाशा लेखी मागा. मिळत नसेल तर घेऊ नका.

घर जंगलाला लागून आहे, वाघाचं काय? (नागभीड)

वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. मागच्या दोन-तीन वर्षांत गुरं कुठे मारली गेली, याची नोंद त्यांच्याकडे असते. संडास घरातच हवा, गुरांचा कोठा पक्का हवा.

प्लॉटवरून 33 केव्हीची लाइन जाते. विकणारा म्हणतो, पुढे काढून देऊ. (हिंगणघाट)

आधी काढू द्या, मग घ्या. महावितरणचं लेखी पत्र असल्याशिवाय एक रुपयाही नको.

दोन लाख इसार दिला आहे. खरेदी पुढच्या आठवड्यात. आता काय काय पाहू? (वाचक, गाव लिहिलेलं नाही)

वकील पाहा. आजच. इसारपावती आणि सातबारा घेऊन जा, लेआउट पाचशे चौरस मीटरहून मोठा असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांकही. बाभळ मागाहून पाहू. तुमच्या पत्रावरची तारीख नऊ दिवसांपूर्वीची आहे.