सहा वाकळा अर्धवट पडल्यात, सुरुवात कुठून करू? कराडच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि फोटोतला तो ढीगही बघितला. नोकरी सांभाळून गोधड्या शिवता, मागच्या दिवाळीत मागची खोली फक्त शिवणासाठी मोकळी करून घेतलीत, नवी मशीन आली, तरी सहा गोधड्या अर्धवट. दोन नुसत्या कापून ठेवलेल्या, दोन जोडून झालेल्या, एकीला मार्चपासून पिना लावलेल्या आणि एक निम्मी शिवलेली. त्यात डिसेंबरात नणंदेचं बाळंतपण, बाळाला दुपटं द्यायचंय. रोज किती तास बसावं आणि वेळापत्रक कसं आखावं, असं विचारलंय.

तुम्ही गोधडी लिहिलंय, मी वाकळच म्हणणार. सांगलीत आयुष्य गेलं, आता जीभ वळत नाही.

तासांचं वेळापत्रक मी देणार नाही. मी स्वतः एकदा केलं होतं. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सोमवारी कापणी, मंगळवारी जोडणी असं सगळं लिहून भिंतीला लावलं. अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी पाहुणे आले, तेराव्या दिवशी लाईट गेली, आणि मग त्या कागदाकडे बघायचीच लाज वाटायला लागली. तो कागद शेवटी कापायचा नमुना म्हणून कामी आला.

घोळ वेळेचा नसतो हो. वाकळेची कामं एका जातीची नाहीत, तिथं घोळ आहे. कापायला डोकं ताजं लागतं, कारण चुकीची कातर परत मागे घेता येत नाही. जोडायला मशीन, इस्त्री आणि वीज. धावदोरा घालायला मात्र काहीच लागत नाही, मांडी आणि उजेड असला की झालं. गोट, म्हणजे कडेची पट्टी, लावायला जरा शांतता हवी. आणि या सगळ्याच्या मधोमध एक काम असं आहे की ज्याला मोकळी जमीन, अख्खी सकाळ आणि कमीत कमी चार हात लागतात, ते म्हणजे अंथरून टाचणं, सगळे थर एकावर एक पसरून कच्च्या टाक्यांनी धरून ठेवणं. तुमच्या दोन जोडलेल्या आणि एक पिनांची, अशा तीन वाकळा या एकाच दारात अडकल्यात. रोज रात्री तासभर त्या खोलीत बसून यांचं काही होणार नाही, कारण त्या खोलीत वाकळ पसरायला जागाच नाही. फोटोत दिसतंय, टेबल आणि कपाट सोडून उरलेली फरशी दोन चटयांएवढी आहे.

माझ्या सासूबाई हे काम सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत करायच्या. आदल्या दिवशी फरशी पुसून कोरडी ठेवायची. सकाळी शेजारच्या दोघी-तिघी यायच्या. खालचं लुगडं सुलटी बाजू जमिनीकडे करून अंथरायचं, चार कोपरे चौघींनी धरून ताणायचे आणि लगेच वजन ठेवायचं. एका कोपऱ्यावर वरवंटा, एकावर खलबत्ता, उरलेल्या दोघांवर पाण्यानं भरलेले तांबे. मग आतली जुनेरं, म्हणजे जुनी वापरलेली कापडं. एकावर एक नाही, विटांच्या सांध्यासारखी, म्हणजे खालच्या थराचा सांधा वरच्या थराच्या मध्ये येईल अशी. नाहीतर पहिल्याच धुण्यात आत गोळा होतो. वरून दुसरं लुगडं, परत ताण, आणि मग लांब लांब कच्चे टाके. सासूबाई काठापासून टाचायच्या, मी मधून सुरू करून बाहेर जाते, त्यानं फुगा राहत नाही असं माझं मत. यावर आमचं शेवटपर्यंत पटलं नाही. टाचून झालं की सगळ्यांना पोहे आणि चहा. साडेनऊला सुरू केलं की दुपारच्या जेवणाच्या आत वाकळ उचलली जायची.

म्हणून नियोजन करायचंच असेल तर फक्त त्या एका सकाळीचं करा. महिन्यातला एक रविवार ठरवा, जाऊबाई, मैत्रीण, ज्या कुणी येतील त्यांना आधी सांगून ठेवा, हॉलमधला सोफा आदल्या रात्री सरकवा, आणि त्या सकाळी एक नाही, दोन वाकळा टाचून काढा. माणसं जमलेली असतात, फरशी मोकळी असते, दुसरीला निम्माच वेळ लागतो. या दोन मग तुम्हाला पुढचे दोन-तीन महिने पुरतात.

आता धावदोऱ्याचा हिशोब. हा एकदा मांडा म्हणजे "रोज किती तास" हा प्रश्नच निघून जाईल. एका माणसाची वाकळ साधारण ५ फूट रुंद, साडेसात फूट लांब, म्हणजे ६० इंच बाय ९० इंच. ओळीत एक इंच अंतर ठेवलं तर ९० इंचांच्या ६० ओळी. म्हणजे ५,४०० इंच, साडेचारशे फूट टाके. चौकोनात फिरत आत गेलात तरी एकूण लांबी जवळपास तेवढीच भरते. मला ९० इंचांच्या एका ओळीला वीस मिनिटं लागतात. साठ ओळींचे वीस तास. ओळी अर्ध्या इंचावर घेतल्या की सरळ दुप्पट, चाळीस तास. बारीक ओळींची वाकळ दिसते सुरेख आणि टिकतेही जास्त, पण सहाच्या सहा तशाच करायचा हट्ट धरला असेल तर तो आधी सोडा. (लोक ऑर्डर देताना म्हणतात, साड्या आमच्याच, मग पैसे एवढे कशाचे? त्यांना मी हाच हिशोब कागदावर मांडून देते.)

तुमची एक ओळ किती मिनिटांत होते ते उद्या घड्याळ लावून बघा. मग तासात मोजू नका, ओळीत मोजा. आमच्याकडे कुकर चढवल्यापासून तो पडेपर्यंत एक ओळ होते. दिवसाला दोन ओळी झाल्या तरी महिन्यात वाकळ संपते, आणि त्यासाठी शिवणखोलीत जावंही लागत नाही. ती टाचलेली वाकळ हॉलमध्ये, बसायच्या जागेशेजारी टोपलीत राहू द्या. खोलीत घडी करून ठेवली की ती संपत नाही, हे मी पैजेवर सांगते.

सुया ओवण्यात फार वेळ जातो, विशेषतः चाळिशीनंतर. सकाळी खिडकीत उजेड असतो तेव्हा दहा-बारा सुया एकदम ओवून पुठ्ठ्याच्या तुकड्याला गुंडाळून ठेवायच्या. दोरा हातभरच घ्यायचा. लांब घेतला की गुंता होतो आणि वाचवलेला वेळ सोडवण्यात जातो. आणि उठताना ओळ जिथं असेल तिथं सुई टोचूनच उठायचं, म्हणजे परत बसल्यावर शोधाशोध नाही. घरात लहान मूल रांगतं असेल तर मात्र हे करू नका, सुई काढून डबीत.

अर्धवट किती ठेवाव्यात याबद्दल माझा नियम कडक आहे, आणि तो मी हौसेनं केलेला नाही. २०१९ च्या ऑगस्टपर्यंत आम्ही सांगलीच्या गावभागात तळमजल्यावर राहत होतो. त्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. आम्ही दोन पिशव्या घेऊन बहिणीकडे गेलो. परत आलो तेव्हा दिवाणाखालची ट्रंक उघडायला स्क्रू-ड्रायव्हर लागला. आत माझ्या नऊ अर्धवट वाकळा होत्या, काही तर सहा-सात वर्षांच्या. कापलेले तुकडे म्हणजे नुसता गाळाचा लगदा. जोडलेल्यांच्या उघड्या कडा धुताना सुटत गेल्या, आणि एका लाल खणाचा रंग सगळ्यांवर उतरला. त्याच घरात कपाटात तीन पुऱ्या शिवलेल्या वाकळा होत्या, त्याही तेवढ्याच बुडाल्या होत्या. त्या पाच-सहा पाण्यांतून काढल्या, गच्चीवर वाळवल्या, एक आजही मिस्टरांच्या अंगावर असते. ट्रंक मात्र तशीच ट्रॉलीत टाकली. त्या नऊमधली एक आईच्या लुगड्यांची होती, तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही.

तेव्हापासून एका वेळी तीनच उघड्या. एक कापणी-जोडणीत, एक टाके चालू असलेली, एक गोटाला आलेली. तिन्ही वेगळ्या टप्प्यावर, त्यामुळं वीज असो-नसो, डोकं चालत असो-नसो, त्या वेळेला जमेल असं एक काम असतंच. चौथी सुरू करावीशी वाटली तर कापड फक्त धुऊन, इस्त्री करून ठेवायचं, कातर लावायची नाही. नवं कापड आणि रंगाचा संशय असलेलं जुनं, दोन्ही रात्रभर भिजवा, आणि ओलं असतानाच पांढऱ्या फडक्यावर दाबून इस्त्री फिरवा. रंग उतरणार असेल तर फडक्यावर कळतं.

तुमच्या सहांचं मी असं करीन. निम्मी शिवलेली टोपलीत, हॉलमध्ये, आजच. पिनांची वाकळ सगळ्यात आधी मोकळी करा, त्याबद्दल खाली लिहिते. ती आणि जोडलेल्यांपैकी एक, अशा दोन पहिल्या रविवारी टाचा. दुसरी जोडलेली कपाटात, चिठ्ठीसकट. चिठ्ठी म्हणजे सेफ्टी पिननं अडकवलेला पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, त्यावर एकच ओळ: पुढचं काम काय, दोरा कुठला. "काठ जुळवायचा, पांढरा दोरा, अस्तर निळ्या पिशवीत" एवढं पुरतं. चार महिन्यांनी गाठोडं सोडल्यावर आपणच काय ठरवलं होतं ते आठवत नाही, आणि ते आठवण्यातच तुमच्या रात्री जाताहेत.

कापून ठेवलेल्या दोनपैकी एकीत फोटोत चकचकीत सिंथेटिक साडी दिसतेय. ती सुती तुकड्यांत घेऊ नका. सुईखाली सरकते, घाम शोषत नाही, आणि इस्त्रीच्या वेळी दोघींना वेगवेगळी उष्णता लागते. तिची पायपुसणी करा किंवा मशीनवरचं झाकण. म्हणजे एक कमी झाली, वाईट वाटून घेऊ नका. दुसरीचे तुकडे मशीनवर साखळीनं टीप मारत जोडा: एक जोडी मशीनखालून गेली की दोरा न तोडता लगेच दुसरी घालायची, शेवटी सगळी माळ कापायची आणि एकदम इस्त्री. एकेक जोडून एकेक इस्त्री करायला उठलात तर निम्मा वेळ उठण्या-बसण्यात जातो. सुई मशीनची असो वा हाताची, बोथट झाली की बदला, दोन-पाच रुपयांसाठी खांदा दुखवू नका.

आणि पुढच्या वेळी ठिगळकाम नकोच असेल तर चांगल्या स्थितीतलं एक सुती नऊवारी घ्या. आठ मीटरच्या आसपास लांबी असते, त्यातून ९० इंचांचे तीन पट्टे निघतात. तिन्ही एकमेकांना दंड घालून जोडले की एका वाकळेच्या खालच्या-वरच्या दोन्ही बाजू भागतात. जोडणीचा टप्पा तासाभरात उरकतो.

ऋतूचं थोडं. एप्रिलच्या दुपारी मांडीवर वाकळ घेऊन बसून बघा, मग कुणी सांगायला नको. उन्हाळ्यात मी फक्त कापते आणि टाचते, फरशी तेव्हा कोरडी असते. पावसात मशीनवर जोडणी. घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळा धुवायला निघतात, तेव्हा कुठं टाका सुटलाय, कुठं काठ विरलाय ते दिसतं, म्हणून दिवाळीपर्यंत डागडुजी आणि लहान कामं. आणि थंडीत धावदोरा. शिवता शिवताच पाय उबदार राहतात.

दुपट्याची काळजी नको. ३६ बाय ४५ इंच, इंचाच्या अंतरानं ४५ इंचांच्या ३६ ओळी, दहा मिनिटांना एक धरली तरी सहा तास. एका माणसाला स्वयंपाकघरातल्या टेबलावर टाचता येतं. नवरात्रात सुरू केलंत तरी दिवाळीपर्यंत होईल. जुनं मऊ सुती घ्या, आत दोनच थर, आणि टिकल्या-लेस काही नको, बाळाला टोचतं. शिवून झाल्यावर एकदा धुऊनच द्या.

राहिल्या त्या पिना. मार्चपासून लावल्यात आणि आता श्रावण चालू आहे, म्हणजे निम्मा पावसाळा त्या कापडात आहेत. आज रात्रीच काढा, प्रत्येकीच्या जागी एक कच्चा टाका घाला म्हणजे रविवारपर्यंत थर हलणार नाहीत. गंजाचे ठिपके पडले असतील तर साबण लावू नका. लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवा, सुकत आलं की परत लिंबू, मग साध्या पाण्यानं धुवा. रंगीत कापड असेल तर आधी आतल्या कोपऱ्यावर करून बघा, लिंबानं रंगही उतरतो. ऊन पडत नसेल तर दोन दिवस थांबा.