नेटवर्किंगचा कोर्स करू पाहणाऱ्या पुतणीस

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

काल भाऊंचा फोन आला होता. तुला संगणक नेटवर्किंगचं प्रमाणपत्र करायचं आहे आणि गावात तुला सांगतात की कागद घेऊन काय होते, हातात काम पाहिजे. त्यानं तुझं मन डळमळलं म्हणे. मी बारा वर्षं कागदाशिवाय हेच काम केलं आहे, म्हणून या प्रश्नावर मी बोललं पाहिजे. माझं मत सरळ आहे. तू कोर्स कर.

एका जिनिंगमधली गोष्ट सांगतो. दिवाळीनंतरचे दिवस होते, कापसाच्या गाड्यांची रांग फाटकातून पार रस्त्यावर आलेली. वजनकाट्याचा संगणक रोज दुपारी ऑफिसच्या संगणकापासून तुटायचा. काटापट्टी निघेना आणि शेतकरी उन्हात ताटकळत उभे. मी पहिल्या दिवशी केबल बदलली. दुसऱ्या दिवशी टोकं कापून नवे जॅक बसवले. तिसऱ्या दिवशी स्विच, म्हणजे सगळ्या केबल जिथे जोडतात तो डबा, बदलला, तोही मालकाच्या पैशानं. फरक शून्य. चौथ्या दिवशी अमरावतीहून एक पोरगा आला, तुझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. त्यानं एकाही वायरला हात लावला नाही. ऑफिसच्या संगणकावर काळी खिडकी उघडली आणि एआरपीची कमांड दिली, म्हणजे कोणत्या पत्त्यावर कोणतं यंत्र बसलं आहे ते विचारलं. आयपी पत्ता म्हणजे नेटवर्कात यंत्राला दिलेला नंबर आणि मॅक पत्ता म्हणजे त्या यंत्राची स्वतःची ओळख. काट्याच्या आयपी पत्त्यासमोर जो मॅक पत्ता दिसला, तो काट्याच्या संगणकाचा नव्हताच. तो मॅनेजरच्या मोबाईलचा होता.

झालं होतं असं. काट्याच्या संगणकाला १९२.१६८.१.२० हा पत्ता हातानं दिलेला होता. राउटर मात्र येईल त्याला पत्ते वाटत होता आणि त्या वाटपात वीस नंबरही होता. मॅनेजर जेवून परत यायचे, त्यांचा मोबाईल वायफायला लागायचा आणि त्याला नेमका तोच पत्ता मिळायचा. पोरानं राउटरमध्ये जाऊन वाटप शंभरपासून पुढे सुरू होईल असं केलं. सगळं मिळून दहा मिनिटं.

त्या रात्री मला झोप आली नाही. तीन दिवस उभ्या राहिलेल्या गाड्या डोळ्यांपुढून जाईनात. वायर ओढण्यात, जॅक बसवण्यात माझा हात त्याच्यापेक्षा कितीतरी साफ होता. पण एका पत्त्याला दोन धनी असू शकतात, हे माझ्या डोक्यात यायला वाटच नव्हती. कामावर शिकणारा माणूस समोर आलेल्या बिघाडापुरतं शिकतो. अभ्यासक्रम न आलेला बिघाडही आधी दाखवून ठेवतो आणि कंटाळवाणं प्रकरण वगळू देत नाही. पुढच्या वर्षी मीही प्रवेश घेतला.

आता कुठे शिकायचं ते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्यासारख्यांसाठीच आहे. त्याची अभ्यासकेंद्रं तालुक्याच्या कॉलेजांतून असतात. जवळच्या केंद्रावर स्वतः जा. नेटवर्किंगचा कोणता अभ्यासक्रम या वर्षी तिथे खरोखर चालू आहे, प्रात्यक्षिकाची खोली कुठे आहे, तिथे राउटर-स्विच आहेत का, हे डोळ्यांनी पाहा. प्रमाणपत्र विद्यापीठ देणार की नुसती संस्था, हे लेखी विचार. 'शंभर टक्के नोकरी' असा फलक लावून फी एकदम मागणाऱ्या ठिकाणी एक रुपयाही भरू नकोस. भाऊ तुरीचे पैसे काढून देतील, मला माहीत आहे. म्हणूनच सांगतो.

दुसरी वाट स्वयम-एनपीटीईएलची, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन कोर्सांची. आयआयटी खरगपूरचा नेटवर्क आणि इंटरनेट प्रोटोकॉलचा बारा आठवड्यांचा कोर्स तिथे झाला आहे. व्याख्यानं फुकट असतात, परीक्षेला बसायचं तरच शुल्क. आठवड्यांच्या असाइनमेंटना सगळ्या मिळून २५ गुण आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५. पास व्हायला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे लागतात. परीक्षा चांगली गेली तरी असाइनमेंट बुडवलेल्या पोराच्या हाती काही येत नाही, हे लक्षात ठेव. हे कोर्स जुलैत आणि जानेवारीत सुरू होतात. आपल्या घरी तू जानेवारीचाच धर. जुलैचा घेतलास तर परीक्षा सोयाबीनच्या काढणीत येते आणि मग तू ना इकडची ना तिकडची.

पहिल्याच महिन्यात सबनेटिंग, म्हणजे पत्त्यांच्या गटाचे हिस्से पाडणं, येईल आणि तिथे निम्मी पोरं सोडून देतात. तू सातबारा वाचतेस, तुला ते अवघड नाही. जुन्या पद्धतीचा आयपी पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे ० किंवा १ अशा ३२ घरांचा असतो. पत्त्यापुढे तिरकी रेघ आणि २४ लिहिलं की पहिले २४ बिट म्हणजे गट नंबर, तो बदलायचा नाही. उरलेल्या ८ बिटांत २५६ पत्ते मावतात. आता त्याच गटाचे चार पोटहिस्से पाड. त्याला आणखी दोन बिट लागतात, म्हणजे २४ च्या जागी २६ झाले. प्रत्येकाच्या वाट्याला ६४ पत्ते. पहिला हिस्सा ० पासून, दुसरा ६४ पासून, तिसरा १२८ पासून, चौथा १९२ पासून. पण प्रत्येक हिस्स्याचा पहिला पत्ता त्या हिस्स्याचं नाव असतं आणि शेवटचा दवंडीचा, त्यावर पाठवलेलं सगळ्यांना ऐकू जातं. हे दोन म्हणजे धुरे. धुऱ्यावर आपण पेरत नाही. ६४ मधून दोन गेले, उरले ६२. शाळेच्या वहीवर असे वीस वाटप कर, तेही हातानं. मोबाईलवरचं कॅल्क्युलेटर उत्तर देईल, पण जिनिंगमध्ये उभी असशील तेव्हा ते उत्तर चूक की बरोबर हे तुलाच ओळखायचं आहे.

सरावाला सिस्को कंपनीचं पॅकेट ट्रेसर घे, त्यात पडद्यावरच खोटं नेटवर्क उभारता येतं. सिस्कोच्या नेटअकॅडमीवर खातं उघडलं की फुकट मिळतं आणि तुझ्या जुन्या लॅपटॉपवर चालेल. त्यात मुद्दाम दोन संगणकांना एकच पत्ता दे आणि काय होते ते बघ. मला ते शिकायला बारा वर्षं लागली.

केबल मात्र खरी हाताळ. आठ तारांचा क्रम पाठ कर: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी निळीच्या दोन्ही बाजूंना फाकते, तिथेच चूक होते. जोड्या सरळ ओळीनं लावल्या तर टेस्टरचे आठही दिवे लागतात, पण लांब केबलवर वेग मरतो आणि दोष कुठे आहे ते कोणाला सापडत नाही. लांबीची हद्द १०० मीटर.

ग्रामपंचायतीत भारतनेटचा, म्हणजे सरकारच्या गावोगावच्या इंटरनेट योजनेचा डबा आहे, तिथवर फायबर, म्हणजे काचेची बारीक तार येते. त्या डब्यापाशी बसायला मिळालं तर जा, पण फायबरच्या टोकात कधी डोळा घालू नकोस. त्यातला उजेड आपल्याला दिसत नाही आणि डोळ्याला इजा करतो. तुटलेले काचेचे कण टेपवर चिकटवून टाकायचे, हातानं झटकायचे नाहीत. आणि रोहिणी लागल्या, आभाळ भरून यायला लागलं की गडगडायच्या आधीच गच्चीवरच्या अँटेनाची तांब्याची केबल काढायची, गडगडत असताना तिला हात लावायचा नाही. वीज त्याच वाटेनं घरात येते.

इंग्रजीची धास्ती घेऊ नकोस. शब्द इंग्रजीच ठेव, मुलाखतीत तेच विचारतात, पण अर्थ वहीत मराठीतच लिही. मी तसंच केलं. 'गेटवे म्हणजे गावाची वेस' असं माझ्या वहीत पहिल्या पानावर आहे. सीसीएनए, म्हणजे सिस्कोचं प्रमाणपत्र, लगेच नको. त्याचं तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि डॉलरमध्ये महाग आहे. नोकरी लागल्यावर स्वतःच्या पगारातून कर.

तोवर एक काम. घरून मुंबईच्या एखाद्या सर्व्हरला पिंग कर, म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर परत यायला किती वेळ लागतो ते बघ. काचेतून उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो आणि मुंबई आपल्याहून ८०० किलोमीटर धर. जाऊन-येऊन आठ मिलिसेकंद झाले. तुझ्या स्क्रीनवर त्याहून कितीतरी जास्त आकडा येईल. वरचा वेळ कुठे कुठे जात असेल ते विचार करून कागदावर लिही आणि रविवारच्या सकाळच्या एसटीनं तो कागद घेऊन ये. जॅक दाबून बसवायची क्रिम्पिंगची पक्कड आणि केबलचे तुकडे मी काढून ठेवले आहेत. काकूनं तुझ्यासाठी भरीत करायचं ठरवलं आहे, तेव्हा जेवून येऊ नकोस.

तुझा,
काका