शेजार बघ

पोरी,

काल मार्केट यार्डातून परतताना तू तुझ्या हळदीच्या फोटोपुस्तकाबद्दल विचारलंस, "सर, १४० फोटो आहेत, एकही काढवत नाही, क्रम कसा लावू?" बोलता बोलता तुझा आवाज कापला. मी चहा सांगून विषय बदलला. रात्री मात्र तेच डोक्यात राहिलं.

तू क्रम लावलायस तो हळदीचा. काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश, सौदा. शाळेच्या भिंतीवरचा तक्ता असाच असतो. कढईवरची वाफ आणि पॉलिशच्या ड्रमभोवतीची धूळ समोरासमोरच्या पानांवर आलीय. दोन्ही धूसर, दोन्ही पिवळट, एकमेकांना खातात. एकेकटे सुरेख आहेत, म्हणूनच तुला कळलं नाही. शेजार बघ.

असा तयार क्रम का धरावासा वाटतो, ते मला ठाऊक आहे. आपल्याला काही ठरवावं लागत नाही. २०१९च्या पुरावरचं माझं पुस्तक मी तारखेवार लावलं. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तिथपासून ओसरेपर्यंत. एका ठिकाणी डाव्या पानावर फुगून मेलेली म्हैस आली आणि उजव्या पानावर गच्चीत गाद्या वाळत घालताना हसणाऱ्या एक आजी. दोन्ही एकाच सकाळचे. पुस्तक द्यायला गेलो, तर आजींनी ते पान बराच वेळ धरून ठेवलं. मग म्हणाल्या, "मी हिच्याकडं बघून हसतीया व्हय रं?" म्हैस त्यांच्या गल्लीतलीच होती.

तारीख खरी होती, फोटो खरे होते, मी खोटं काहीच केलं नव्हतं. दोन वर्षं भेटेल त्याला हे सांगत होतो, आत्ता तुलाही सांगतोच आहे. पण आजी हसल्या त्या नातवंडं सुखरूप परतली म्हणून, आणि ते माझ्या पुस्तकात कुठंच कळत नाही. शेजार मी लावला होता.

तेव्हा चार बाय सहाचे साधे प्रिंट काढ आणि फरशीवर पसर. लॅपटॉपवर फोटो एकामागून एक सरकतात, तिथं शेजार दिसतच नाही. हरिपूरच्या पेवाचं, हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठाराचं, ते काळं तोंड आहे ना, त्याच्यासमोर कोरं पान ठेव. पान उलटलं की हमालाचा तळहात येऊ दे, नखांच्या कडेला हळद बसलेला. छपाईवाला म्हणेल, एकत्र छापायच्या सोळा पानांचा एक फॉर्म असतो, कोरी पानं वाया जातात. जाऊ देत. फॉर्म भरायला मी सात फोटो घातले होते, आजही त्या पानांपाशी आलो की पुस्तक मिटतो.

आणि हो, दोन पानांवर पसरलेल्या फोटोत माणसाचा चेहरा मधल्या शिवणीत जात नाही ना, तेवढं तपास.

आता त्या १४० फोटोंचं. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँकनं अमेरिकाभर फिरून २७ हजारांवर फ्रेम घेतल्या, 'दि अमेरिकन्स' या पुस्तकात ८३ ठेवल्या. बाकीच्या काय सगळ्या टाकाऊ होत्या? सौद्याच्या गर्दीचा तुझा फोटो मलाही आवडतो. त्यासाठी तू तीन दिवस उन्हात उभी राहिलीस, पण ते ऊन वाचणाऱ्याला दिसत नाही गं. त्या फोटोला शेजार मिळत नसेल, तर काढ तो. किती वेळा सांगू?

रविवारी दहाला घरी ये. पेवाच्या फोटोचे दोन प्रिंट आण, एक गडद, एक जरा उजळ. गडदमध्ये तोंडाशी सोडलेली दोरी हरवतेय असं मला वाटतंय. तळहाताच्या प्रिंटसोबत दोन्ही ठेवून बघू.